पाचटातली बुरशी

ऊस कारखान्याला गेला की आमच्या कराडकडच्या शिवारात पाचटाला काडी लागते. दादाही लावतो. मग आठ दिवस धूर, आणि त्याचा दमा. तीन वर्षांपूर्वी खोकतखोकतच तो म्हणाला, "पोरांना जंतू शिकवतोस न्हवं? मग हे कुजवणारा एखादा आण की!" मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. पैज लागल्यासारखा कामाला लागलो.

पाचटात मुख्यतः सेल्युलोज असतं. म्हणजे ग्लुकोजची, साखरेचीच, लांबलचक साखळी. पण आपल्याला काही ती पचत नाही. बुरशीचा खाक्या निराळा. ती एन्झाइम बाहेर सोडते, साखळी तिथंच तोडते आणि साखर शोषून घेते. यातली सर्वांत नामांकित बुरशी सापडली ती दुसऱ्या महायुद्धात. पॅसिफिक बेटांवर अमेरिकन सैन्याचे तंबू कुजत होते. सॉलोमन द्वीपसमूहातल्या बुगनव्हिल बेटावरच्या अशाच कुजक्या कॅनव्हासमधून ती वेगळी केली. एल्विन रीस या शास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ १९७७ साली तिचं नाव 'ट्रायकोडर्मा रीसाय' पडलं. शोध सुरू झाला तो तंबू वाचवायला, आणि आज तिची एन्झाइमं जीनचं कापड मऊ करायला वापरतात!

मी मात्र बांधावरच्या जुन्या ढिगात हात घातला. आतून वाफा येत होत्या. तिथली चिमूटभर माती पाण्यात पातळ केली आणि विरघळणारं सेल्युलोज घातलेल्या अगारवर पसरली. चार-पाच दिवसांत बुरश्या उगवल्या. एकेक वेगळी वाढवली. मग बशीत कांगो रेडचं द्रावण ओतायचं, पंधरा मिनिटांनी मिठाच्या पाण्यानं धुवायचं. सेल्युलोज शाबूत असेल तिथं लाल रंग टिकतो. तुटलं असेल तिथं बुरशीभोवती फिकट वलय उमटतं, चंद्राला खळं पडावं तसं. तीसेक बुरश्यांत एकीचं वलय इतकं मोठं, की मी त्याच रात्री दादाला फोन केला.

तिथंच चुकलो. निळसर-हिरवी, पंचेचाळीस अंशांतही जोमानं वाढणारी. सूक्ष्मदर्शकाखाली देठाचं टोक चंबूसारखं फुगलेलं, त्यावर बीजाणूंचा उभा खांब. पोटात गोळाच आला. डीएनए तपासल्यावर शंकेला जागा उरली नाही: अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस. कुजण्यात पटाईत खरी, पण तिचे बीजाणू श्वासावाटे फुप्फुसात जातात. दम्याच्या माणसाला तर विशेष त्रासाचे. ओळख न पटवता ती शेतात पसरली असती तर? बशा ऑटोक्लेव्हमध्ये गेल्या.

राहिली एक ट्रायकोडर्मा, वलय बेताचंच. तरी वलयावर माझा आता विश्वास नव्हता. बशीतलं सेल्युलोज विरघळलेलं, म्हणजे आयता घास. खऱ्या पाचटातलं घट्ट विणलेलं, वर लिग्निनचं कवच. म्हणून बारीक केलेलं पाचटच तिला खायला दिलं आणि दर आठवड्याला वजन करत बसलो. घटतंय, पण सावकाश.

दादाला हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "औंदा काडी लावू का नको, तेवढं सांग." मी म्हटलं, पाच गुंठे तरी सोड. सोडलेत. पाचट कुट्टी करून, युरिया टाकून, भिजवून ठेवलंय. बाकीचं रान त्यानं पेटवलंच.