गाडीवरचा वडा घरी का जमत नाही?

घरी वडापाव केला की पहिल्या घासाला कुणीतरी म्हणतंच, "छान झालाय, पण गाडीवरची चव नाही." त्यामागची जी कारणं आपण एकमेकांना सांगतो, त्यांतली बरीच चुकीची आहेत. ती बाजूला सारली तर घरचा वडा नक्की सुधारतो.

सगळ्यात पक्का समज म्हणजे ती चव जुन्या तेलाची. यात कणभर तथ्य आहे. कोऱ्या तेलातला पहिला घाणा फिका निघतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या घाण्यापासून रंग धरतो. तापलेल्या तेलात तयार होणाऱ्या काही घटकांमुळे ओलं पीठ आणि तेल एकमेकांना जास्त भिडतात. पण हा फरक एकाच दुपारच्या तळणीत पडतो. रोज उकळून काळं, चिकट झालेल्या तेलाला चव नसते, खवट वास असतो. अशा तेलातल्या ध्रुवीय घटकांचं प्रमाण २५ टक्क्यांवर गेलं की ते वापरायला केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून मनाई केली आहे.

गाडीवाल्याचा खरा फायदा कढईत आहे. त्याच्या कढईत तेल इतकं असतं की वडे सोडल्यावरही ते फारसं निवत नाही. आपण छोट्या कढईत बेताचं तेल घेतो आणि घाईने सहा वडे सोडतो. तेल थंडावतं, आवरण लवकर धरत नाही आणि वडा मऊ, तेलकट होतो. म्हणून एका वेळी तीनच वडे सोडा. पिठाचा थेंब टाकल्यावर तो खाली जाऊन लगेच वर आला की तेल तयार, म्हणजे साधारण १७० ते १८० अंश सेल्सिअस. मंद आचेवर तळल्याने वडा आतपर्यंत शिजतो, हाही गैरसमजच. बटाटा आधीच उकडलेला असतो. शिजायचं असतं ते फक्त वरचं बेसन.

आणखी एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. वड्यात बरंचसं तेल शिरतं ते तळताना नव्हे, तर बाहेर काढल्यावर. आतली वाफ निवते आणि वर राहिलेलं तेल आत ओढलं जातं. म्हणून झारा कढईवर धरून गरम असतानाच वडा नीट निथळा, मग जाळीवर ठेवा.

कुरकुरीतपणासाठी पिठात सोडा हवाच, असंही नाही. चिमूटभर चालतो. जास्त झाला तर पीठ तेल पितं, साबणासारखी चव येते आणि हळद लालसर पडते. आमच्या घरी कडकडीत तेलाचं मोहन घालतात, आणि मला तोच मार्ग योग्य वाटतो. एअर फ्रायरबद्दलही स्पष्ट सांगते: पातळ बेसनात घोळलेला वडा त्यात होत नाही. आवरण धरायच्या आत पीठ खाली गळतं.

भाजीत गुप्त मसाला नसतो. आलं, लसूण, हिरवी मिरची, मोहरी, हळद, कोथिंबीर, बस. चूक होते ती बटाट्यात. गरम बटाटा मिक्सरमधून काढला की त्यातला स्टार्च सुटतो आणि भाजी चिकट होते. बटाटा पूर्ण निवू द्या, हाताने कुस्करा, थोडे खडे राहू द्या.

लाल चटणी घरी फक्त लसूण, सुकं खोबरं आणि तिखट घालून करतात. बऱ्याच गाड्यांवर तिच्यात चुराही मिसळलेला असतो, म्हणजे तळणीत सुटलेल्या बेसनाच्या कुरकुरीत कण्या. थोडं पीठ झाऱ्यातून तेलात पाडा, तळा आणि चटणीत चुरडा. माझ्या मते घरच्या वडापावात हरवलेली चव मुख्यतः हीच.

पावाचं नाव पायाने कणीक तुडवण्यावरून पडलं, असं अजूनही ऐकू येतं. खरं तर तो पोर्तुगीज 'पांव' आहे, म्हणजे ब्रेड, गोव्यामार्गे आपल्याकडे आलेला. शिवाय चव यायला पाव घरीच भाजायला हवा, असंही काही नाही. गाडीवालाही तो बेकरीतूनच घेतो. लादीत पाव एकमेकांना चिकटून फुलतात, म्हणून त्यांच्या कडा मऊ राहतात. ताजी लादी आणा आणि गरम वडा आत दाबून मिनिटभर स्वच्छ कापडात गुंडाळा. वाफेने पाव आणखी मऊ पडतो. गाडीवर हेच काम कागद करतो, पण छापील वर्तमानपत्राची शाई अन्नाला लागणं चांगलं नाही.

घरचा वडा म्हणजे पौष्टिक, असं मात्र समजू नका. तळण ते तळणच. तेल कोणतं आणि कितव्यांदा तापवलेलं, एवढं आपल्या हातात येतं, आणि तेही थोडं नाही.

शेवटी एक विनंती. सगळे वडे तळून झाल्यावर ताटं मांडू नका. गाडीवर वडा कढईतून थेट हातात येतो, घरी तो वीस मिनिटं डब्यात घाम धरत बसतो. घरच्यांना ओट्यापाशी बोलवा आणि घाणा उतरला की तिथेच पावात घालून द्या.