कासेची निवड

दिवाळी अंकात दुधावर लेख म्हटला की आणंद, दूधमहापूर आणि लिटरमागचा दर, एवढ्यावर भागतं. गाय मधल्या मध्ये गळून जाते. माझी उमेदीची वर्षं तिच्या कासेपाशी खर्च झाली, म्हणून मी तिथूनच सुरुवात करतो.

एक लिटर दूध व्हायला कासेतून साधारण चारशे ते पाचशे लिटर रक्त फिरावं लागतं. नाणे मावळातल्या एखाद्या गोठ्यात चांगली दुभती संकरित गाय असेल, तर तिच्या पोटाखालची जाड, नागमोडी दुधाची शीर हाताखाली घेऊन बघा. बाजारात जाणती माणसं ती शीर बघून मगच भाव बोलतात. संशोधकांनीही तीच धरली. धमनीच्या रक्तात अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, किती होती आणि या शिरेतून परतणाऱ्या रक्तात किती उरली, यांची वजाबाकी केली की कासेनं उचललेला माल कळतो. अमेरिकेत कॅरी यांनी १९२० साली अमिनो आम्लांची ही वजाबाकी मांडली. त्यानंतरची चाळीसेक वर्षं मी गाळतो. नमुना घेताना जनावर बिथरलं की आकडे बिघडतात, याची चर्चा त्या काळात पुष्कळ झाली.

खरी मजा १९६६ पासून. केंब्रिजजवळच्या बाबराहमच्या संशोधन संस्थेतले लिन्झेल आणि मेफम यांनी शेळ्यांत रक्ताचा प्रवाहही मोजला आणि एकेका आम्लाचा जमाखर्च लावला. मेथिओनिन, फेनिलअॅलनिन, हिस्टिडिन ही जेवढी आत येतात, जवळपास तेवढीच दुधाच्या प्रथिनांतून बाहेर पडतात. ल्युसिन, व्हॅलिन यांची मात्र कास जास्तीची उचल करते. आर्जिनिनची तर केवढी तरी! दुधात जातं त्याच्या दुपटीहून अधिक ती ओढून घेते आणि त्यातल्या काही भागाचं तिथंच प्रोलिन करते. पुढे शेळ्यांवरच दिसलं की हिस्टिडिनची टंचाई केली, तर कास रक्तप्रवाह वाढवते आणि ते आम्ल खेचून घेण्याची ताकदही कित्येक पटींनी वाढवते. कास म्हणजे नुसती गाळणी, असं मानणाऱ्या आमच्या काही विद्वानांनी हे वाचलंच नाही.

'एटू' दूध विकणाऱ्यांचंही तेच. द्रुतगती मार्गाजवळच्या फार्महाऊसवर काचेच्या बाटलीतलं दूध दामदुप्पट भावानं खपतं. बीटा-केसीन या दुधातल्या प्रथिनात ६७ व्या जागी हिस्टिडिन नसून प्रोलिन आहे, एवढ्या भांडवलावर! ते प्रोलिन कास कुठून आणते, हे त्यांच्यातल्या एकानं तरी विचारावं.

गव्हाणीत काय पडतं? वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रानं दिलेल्या इंद्रायणी तांदळाचा घमघमाट सगळे जाणतात; त्याच्या पेंढ्यात मात्र प्रथिन जेमतेम तीन-चार टक्के. म्हणून आंबोणात कोंडा, सरकी पेंड, जमलं तर शेंगदाणा पेंड. आमचे पशुखाद्यवाले पोत्यावरच्या प्रथिनाच्या टक्क्यावर बोट ठेवतात. युरिया घातला तरी तो टक्का वाढतो! शिवाय पेंडीतलं बरंचसं प्रथिन पोटातले जंतू फोडतात, आपलं शरीर बांधतात, आणि पुढे आतड्यात गाय तेच जंतू पचवते. कासेला काय मिळणार ते तिथं ठरतं. मेथिओनिन आणि लायसिन बहुधा आधी तोकडी पडतात, हे श्वाब आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये दाखवलं. पेंडीवर प्रक्रिया करून तिचं प्रथिन जंतूंपासून वाचवायचं, ही बायपासची युक्ती इथूनच पटते.

सुबाभळीबद्दल दोन ओळी, नाहीतर मला झोप लागायची नाही. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळी कांचनला बायफ ही संस्था उभी केली आणि तिनं या झाडाचा ध्यास घेतला. पाला प्रथिनाचा, पण त्यात मिमोसिन नावाचं विषारी अमिनो आम्ल. वैरणीत तिसऱ्या हिश्श्याच्या आत ठेवा, एवढंच पथ्य होतं. पाळलं नाही आणि झाडाला नावं ठेवली. आता ते लावायला बांधही राहिले नाहीत. कुरणांना कुंपणं पडली, पवन मावळात बंगल्यांच्या रांगा लागल्या, आणि वैरण विकत घ्यायची वेळ आली.

संकलन केंद्रावर दर ठरतो फॅट आणि एसएनएफवर, म्हणजे फॅट सोडून उरलेल्या घन पदार्थांवर. एसएनएफमध्ये केसीन आणि लॅक्टोज एकाच गठ्ठ्यात, म्हणजे चांगली पेंड घालणाऱ्याला प्रथिनाचे वेगळे पैसे नाहीत. केसीनला निराळा भाव द्या, असं मी बैठकांत पुष्कळदा बोललो. चहा यायचा, आणि विषय पुढच्या बैठकीवर जायचा.