लेखणीला आवाजाची जोड

जनसंपर्क आणि संज्ञापन या क्षेत्रांत लेखणीवर पोट भरणाऱ्यांची एक जुनी अडचण आहे. त्यांनी लिहिलेला बराचसा मजकूर दुसऱ्याच्या नावावर प्रसिद्ध होतो. अध्यक्षांचे भाषण, कंपनीचे निवेदन, वार्षिक अहवालातील मनोगत या साऱ्यामागे पडद्याआडचा हात असतो आणि वाचकालाही ते ठाऊक असते. त्यामुळे २००० नंतर या व्यावसायिकांपैकी काहींनी स्वतःच्या नावाने ब्लॉग लिहिण्यास प्रारंभ केला, तेव्हा ‘हे तरी त्यांचे स्वतःचे मत आहे काय’ हा संशय त्यांच्या पाठीशी होताच. तो काही अंशी दूर करण्याचे साधन त्यांना पॉडकास्टने मिळवून दिले.

पॉडकास्ट म्हणजे इंटरनेटवरील रेडिओ, अशी ढोबळ व्याख्या केली जाते. ती अर्धीच खरी आहे. रेडिओ ठरलेल्या वेळी लावावा लागतो. पॉडकास्टचा नवा भाग श्रोत्याकडे आपोआप येतो आणि तो सवडीने ऐकता येतो. यामागील तंत्र मुळात ब्लॉगच्याच घरातले. ब्लॉगवर नवी नोंद आल्याची वर्दी वाचकाला देणारी ‘आरएसएस’ नावाची व्यवस्था आधीपासून होती. अमेरिकेतील डेव्ह वायनर यांनी २००० च्या अखेरीस तिच्यात ध्वनिफाइलचा पत्ता जोडण्याची सोय केली. बोस्टनचे रेडिओ निवेदक ख्रिस्तोफर लायडन यांनी २००३ मध्ये ब्लॉगलेखकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून आपल्या ब्लॉगवरून त्याच मार्गाने प्रसृत केल्या. ‘पॉडकास्टिंग’ हा शब्द फेब्रुवारी २००४ मध्ये ‘गार्डियन’मधील बेन हॅमर्सली यांच्या लेखात प्रथम आला, आणि जून २००५ मध्ये अ‍ॅपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्टची सोय केल्यावर तो सर्वतोमुखी झाला.

संज्ञापन व्यावसायिकांनी मात्र अ‍ॅपलची वाट पाहिली नाही. नेव्हिल हॉब्सन आणि शेल होल्ट्झ या दोघा ब्लॉगलेखकांनी ३ जानेवारी २००५ रोजी ‘फॉर इमिजिएट रिलीज’ या पॉडकास्टचा पहिला भाग प्रसिद्ध केला. हॉब्सन तेव्हा नेदरलँड्समध्ये राहत, होल्ट्झ कॅलिफोर्नियात. ‘त्वरित प्रसिद्धीसाठी’ ही प्रत्येक प्रसिद्धिपत्रकाच्या माथ्यावरची ओळख त्यांनी शीर्षक म्हणून उचलली, यातच त्यांचा श्रोता कोण हे स्पष्ट होते. दोघेही संज्ञापन सल्लागार. दोघांचेही ब्लॉग आधीपासून चालू होते. मग पॉडकास्टची गरज का भासावी?

पहिले कारण संवादाचे. ब्लॉगवरील लेख कितीही मोकळा असला तरी तो एकट्याचा असतो, आणि प्रसिद्ध होण्यापूर्वी दहा वेळा तपासलेला असतो. दोन जाणकार माणसे समोरासमोर बोलू लागली की एकाचे विधान दुसरा तिथल्या तिथे अडवतो. उत्तर देताना घेतलेला क्षणभराचा श्वास, ‘याबद्दल माझी खात्री नाही’ म्हणताना बदललेला सूर, मध्येच फुटलेले हसू हे सारे श्रोत्याच्या कानावर पडते. लेख दुसऱ्याकडून लिहून घेता येतो. तासभराची उत्स्फूर्त चर्चा दुसऱ्याकडून करवून घेणे अवघड. ज्यांच्या धंद्याचे भांडवलच विश्वासार्हता आहे, त्यांच्या दृष्टीने ही जमेची मोठी बाजू होय.

दुसरे कारण वेळेचे. सर्वसाधारण बोलण्याचा वेग इंग्रजीत मिनिटाला दीडशे शब्दांच्या आसपास धरला तर अर्ध्या तासाच्या भागात साडेचार हजार शब्द होतात. एवढ्या लांबीचा लेख कामाच्या दिवशी पडद्यावर वाचणारा विरळाच. तोच मजकूर माणूस गाडी चालवताना किंवा व्यायाम करताना सहज ऐकतो. आकाशवाणीच्या बातम्या ऐकत पोळ्या लाटणाऱ्या घरांना हे नव्याने सांगायला नको. डोळे आणि हात गुंतलेले असताना कान मोकळे असतात.

तथापि आवाजाने लेखणीची जागा घेतली असे मानणे चुकीचे ठरेल. ध्वनिमुद्रणावर वरवर नजर टाकता येत नाही, हवे ते वाक्य चटकन सापडत नाही, अवतरण उचलून पुढे पाठवता येत नाही आणि शोधयंत्रालाही त्यातले फारसे काही गवसत नसे. येथे ब्लॉग कामी आला. हॉब्सन आणि होल्ट्झ प्रत्येक भागासोबत लेखी टिपणे देत, त्यात चर्चेत आलेल्या संदर्भांचे दुवे असत. श्रोते आपला प्रतिसाद लिहून पाठवत, तसाच स्वतःच्या आवाजात मुद्रित करूनही पाठवत आणि तो पुढील भागात ऐकवला जाई. त्यांपैकी काही जण कालांतराने कार्यक्रमाचे नियमित वार्ताहरच झाले. निव्वळ ब्लॉगला हे क्वचितच साधले असते. आता ध्वनीचे लेखी रूपांतर यंत्र करते. अ‍ॅपलने मार्च २०२४ मध्ये इंग्रजी, फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिश पॉडकास्टसाठी तशी सोय सुरू केली. त्या यादीत मराठी नव्हती.

या प्रयोगाचे सर्वांत अनपेक्षित फळ कॅनडात दिसले. टेरी फॅलिस हे टोरांटोतील जनसंपर्क व्यावसायिक. ‘इनसाइड पीआर’ या पॉडकास्टचे एक निवेदक. राजकारणावरील त्यांच्या विनोदी कादंबरीला प्रकाशक मिळेना, तेव्हा २००७ मध्ये त्यांनी ती स्वतः वाचून, एकेक प्रकरण करत पॉडकास्ट म्हणून विनामूल्य ऐकवली आणि पदरमोड करून छापली. ‘द बेस्ट लेड प्लॅन्स’ या त्या पुस्तकाला २००८ मध्ये विनोदी लेखनासाठीचे स्टीफन लिकॉक पदक मिळाले. नंतर मोठा प्रकाशकही लाभला आणि २०११ मध्ये ते ‘कॅनडा रीड्स’ या स्पर्धेत विजयी ठरले. पॉडकास्टमुळेच पदक मिळाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण पुस्तक निघण्याआधी त्याला श्रोते होते, हे खरे.

अलीकडे आवाजाच्या पुराव्यालाच तडा जाऊ लागला आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये गुगलच्या ‘नोटबुकएलएम’ने कोणत्याही दस्तऐवजावरून दोन निवेदकांचा गप्पांसारखा संवाद तयार करण्याची सोय दिली. त्यात श्वास आहेत, हुंकार आहेत, एकमेकांना अडवणेही आहे. माणूस मात्र कोणीच नाही. लेखणी उसनी घेता येते म्हणून आवाजाकडे वळलेल्यांपुढे आता उसना आवाज उभा आहे. कृत्रिम आवाज वापरल्यास तसे आरंभीच सांगावे, ही अपेक्षा म्हणूनच रास्त आहे.

या साऱ्यात कष्टाचा भाग दुर्लक्षिला जातो. माइक आणि शांत खोली यांची जुळवाजुळव फार महाग पडत नाही. महाग पडते ते सातत्य. तासभराच्या ध्वनिमुद्रणाआधी तयारी आणि नंतर काटछाट, यांत बघता बघता अर्धा दिवस जातो. मोठ्या उत्साहाने सुरू झालेले अनेक पॉडकास्ट काही भागांतच मुके होतात. हॉब्सन-होल्ट्झ जोडीनेही दहा वर्षांहून अधिक काळ चालवलेला आपला मूळ कार्यक्रम २०१५ मध्ये थांबवला होता. पुढे काही वर्षांनी दोघे पुन्हा एकत्र आले. नवख्याने पाहुण्याच्या मुलाखतीपासून सुरुवात केलेली बरी. एकट्याने माइकसमोर वीस मिनिटे बोलणे हे रोज हजार शब्द लिहिणाऱ्यालाही जड जाते.