क्रियापदांचं गणगोत – भाग ९ : लागलं की लावलं?

मागच्या आठवड्यात आपण 'मारणे' पाहिलं, दांडी मारण्यापासून थापा मारण्यापर्यंत. आजचं क्रियापद आहे 'लागणे'. त्याचा पसारा पाहायला रत्नागिरीहून पावसला जाऊ.

एसटी स्थानकात कुणीतरी विचारतं, "पावसची गाडी लागली का?" गाडी फलाटावर आली का, एवढंच त्याला हवं असतं. भाट्याचा पूल ओलांडून गाडी गोळपच्या वळणांवर आली की शेजारचा खिडकी उघडत म्हणतो, "मला गाडी लागते हो." मुंबईहून बोटीने येणाऱ्या पिढीचंही तेच होतं. बोट बंदराला लागायची आणि त्याआधी वाटेत कित्येकांना लागायची.

घरोघरी हे क्रियापद दिवसभर राबतं. भूक लागते, ऊन लागतं, भात खाली लागतो, दूरचा कुणी आपला मामा लागतो. साप चावला तर त्याचं नाव टाळून 'पान लागलं' म्हणायची जुनी रीत आहे. या सगळ्या प्रयोगांत माणूस काही करत नाही, त्याच्या बाबतीत काहीतरी घडतं. 'मला भूक लागली' या वाक्यात कर्ता 'भूक' आहे. 'मी' मात्र 'ला' प्रत्यय लावून बाजूला बसलेला असतो.

करणाऱ्याला समोर आणायचं तर 'लावणे' हवं. आंब्याच्या बागेत ही जोडी एकमेकींना सोडत नाही. कलम आपण लावतो, फळ लागतं. मोहोराला तुडतुडा लागला की फवारणीची धावपळ होते. उतरवलेल्या आंब्यांची पेंढ्यात आढी लावतात. पेट्या वाशीला गेल्या की बागायतदार विचारतो, "काय भाव लागला?" पट्टी हातात पडली आणि आकडा मनासारखा नसला, तर तोच म्हणतो, "दलालाने काय हा भाव लावला!" भाव एकच, पण दुसऱ्या वाक्यात तो ठरवणारा माणूस उभा केलेला असतो.

पावस ही स्वामी स्वरूपानंदांची भूमी. 'अभंग ज्ञानेश्वरी' लिहिणारे स्वामी 1974 साली इथेच समाधिस्थ झाले. त्यांच्या समाधिमंदिरात डोळे मिटून बसणाऱ्याला या जोडीतला फरक अनुभवाने कळतो. ध्यान लावून बसणं आपल्या हातात असतं. ध्यान लागणं आपल्या हातात नसतं.

आता कट्ट्यावरची भाषा घ्या. 'चुना लागला' म्हणजे आपण फसलो. 'चुना लावला' म्हणजे कुणीतरी फसवलं. 'टोपी लावली', 'शेंडी लावली' यांतही फसवणारा ठरलेला असतो. क्रिकेटने दिलेलं 'फिल्डिंग लावणे' म्हणजे काम व्हावं म्हणून आधीच माणसं पेरून ठेवणं. वशिला लावतात आणि नोकरी 'लागते'. लावणारा पडद्याआड राहावा म्हणूनच पुढे 'लागली' येतं.

या घराण्यातला सर्वांत लाडका प्रयोग 'वाट लागली'. परीक्षेची, कपड्यांची, तब्येतीची, कशाचीही वाट लागते. रत्नागिरीकडच्या बोलीची एक खुबी इथे कानाला जाणवते. "माझी पुरती वाट लावलीन!" यातला शेवटचा 'न' म्हणजे 'त्याने' किंवा 'तिने'. नाव घेतलं नाही तरी करणारा क्रियापदाला चिकटून येतो. हाच 'न' 'केलंन', 'दिलंन', 'घेतलंन' यांत आहे. 'लागली'ला मात्र तो जोडता येत नाही. 'वाट लागलीन' असं कुणीच म्हणत नाही, कारण तिथे चिकटायला करणाराच नाही.

'लागणे' वाईट नव्हे. पाऊस लागतो, ठेच लागते, वेड लागतं. जे खरोखर आपल्या हाती नाही, त्याला हेच क्रियापद शोभतं. पण रस्त्याची वाट लागली, नदीची वाट लागली, शाळेची वाट लागली, असंही आपण त्याच सुरात बोलून जातो आणि ते काम पावसासारखं आपोआप झाल्यागत सोडून देतो. ही वाट कुणीतरी लावलेली असते. अशा वेळी रत्नागिरीचा तो 'न' उसना घ्यावा आणि विचारावं, "कुणी लावलीन?"

पुढच्या आठवड्यात : 'बसणे'.