युद्धकाळातील शुश्रूषा आणि तिचे स्मारक

जबलपूर शहराच्या जुन्या भागात, बडा फुहारा परिसरातील गजबजलेल्या बाजारपेठेत कमानिया गेट उभे आहे. मार्च १९३९ मध्ये जबलपूरजवळ त्रिपुरी येथे भारतीय राष्ट्रीय काँग्रेसचे ५२ वे अधिवेशन भरले होते. त्याची स्मृती म्हणून ही कमान उभारण्यात आली. त्रिपुरी म्हटले की सुभाषचंद्र बोस यांची अटीतटीची निवड आठवते. २९ जानेवारी १९३९ रोजी त्यांनी डॉ. पट्टाभि सीतारामय्या यांचा १,५८० विरुद्ध १,३७७ मतांनी पराभव केला होता. अधिवेशनाच्या वेळी ते तापाने इतके आजारी होते की मिरवणुकीत ५२ हत्तींनी ओढलेल्या रथावर त्यांच्याऐवजी त्यांचे छायाचित्र ठेवावे लागले आणि त्यांचे अध्यक्षीय भाषणही शरदचंद्र बोस यांनी वाचून दाखविले.

या राजकीय घडामोडींच्या छायेत त्याच अधिवेशनाचा एक ठराव मात्र सहसा आठवला जात नाही. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चिनी जनतेविषयी त्यात सहानुभूती व्यक्त करण्यात आली होती आणि काँग्रेसच्या वतीने चीनला पाठविलेल्या वैद्यकीय पथकाला संमती देऊन त्याला यापुढेही पूर्ण साहाय्य मिळावे, अशी अपेक्षा प्रकट करण्यात आली होती. म्हणजेच ज्या अधिवेशनाची खूण म्हणून कमानिया गेट उभे आहे, त्याचा संबंध रणभूमीवरील वैद्यकीय सेवेशीही आहे. युद्धकाळातील परिचारिका, डॉक्टर आणि रुग्णसेवक यांचे स्मारक कसे उभारावे, या प्रश्नाचा विचार येथून सुरू करणे म्हणूनच उचित ठरते.

पाच डॉक्टर आणि एक ठराव

चीनच्या बाजूने सेनानी झू द यांनी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्याकडे वैद्यकीय मदतीची विनंती केली होती. तत्कालीन काँग्रेस अध्यक्ष सुभाषबाबूंनी ३० जून १९३८ रोजी देशाला आवाहन केले. जुलैमध्ये 'चीन दिन' पाळून निधी जमविण्यात आला आणि सुमारे २२ हजार रुपये गोळा झाले. १ सप्टेंबर १९३८ रोजी पाच डॉक्टर मुंबईहून निघाले. स्पेनच्या यादवी युद्धात वैद्यकीय काम केलेले अलाहाबादचे डॉ. मदन अटल हे पथकाचे प्रमुख होते. नागपूरचे डॉ. चोळकर, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू व डॉ. देवेश मुखर्जी हे अन्य सदस्य. नागपूर आणि जबलपूर ही दोन्ही शहरे तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाड या एकाच प्रांतात होती. त्रिपुरीला प्रतिनिधी जमत होते, तेव्हा हे पथक येनानला पोहोचून जेमतेम एक महिना झाला होता.

पुढे चौघे मायदेशी परतले, डॉ. कोटणीस परतले नाहीत. उत्तर चीनमधील आघाडीच्या प्रदेशात त्यांनी शस्त्रक्रिया केल्या, विद्यार्थ्यांना शिकविले आणि १९४१ मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुखपद स्वीकारले. परिचर्येचे शिक्षण देणाऱ्या गुओ छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचा मृत्यू झाला. ते शत्रूच्या गोळीने पडले नव्हते. अपुरे अन्न, अखंड श्रम आणि आजार यांनी त्यांचा बळी घेतला.

शुश्रूषेची स्मृती का पुसट होते?

डॉ. कोटणीस यांच्या मृत्यूचे स्वरूप हा या विषयाचा गाभा आहे. युद्धस्मारकांची परंपरा प्रामुख्याने रणात पडलेल्या योद्ध्याभोवती घडली आहे. परिचारिका वा रुग्णसेवक मात्र बहुधा आघाडीच्या मागे, रुग्णालयात किंवा जहाजावर मरण पावतात; कॉलरा, विषमज्वर, हिवताप किंवा अतिश्रम हे त्यांच्या मृत्यूचे कारण असते. 'लढताना मृत्यू' हा एकच निकष लावला, तर ही माणसे यादीबाहेर राहतात.

ज्या ठिकाणी निकष व्यापक ठेवण्यात आला, तेथे काय घडते याचे उदाहरण पुण्यात पाहावयास मिळते. खडकी येथील पहिल्या महायुद्धाच्या स्मारकावर, भारतात मरण पावलेल्या १,८०० हून अधिक व्यक्तींची नावे आहेत. त्यांत ॲमी ओग्रेडी आणि कॅथलीन पॉवर या दोन ऑस्ट्रेलियन लष्करी परिचारिकांचा समावेश आहे. ऑगस्ट १९१६ मध्ये मुंबईत रुग्णसेवा करीत असताना कॉलऱ्याने, एका दिवसाच्या अंतराने, त्यांचा मृत्यू झाला. आजाराने झालेला मृत्यू हाही युद्धातील मृत्यूच, असे नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेने मानले. म्हणूनच शंभराहून अधिक वर्षांनंतर त्यांची नावे वाचता येतात. दिल्लीच्या इंडिया गेटवरील तेरा हजारांहून अधिक नावांमध्येही १९१९ च्या अफगाण युद्धकाळात मरण पावलेल्या एका परिचारिकेचे नाव आहे. मात्र तेरा हजारांत एक, हे प्रमाणच पुरेसे बोलके आहे.

परिचारिकेचे नाव निदान कुठे तरी सापडते. जखमींना खांद्यावरून वाहून नेणारे डोलीवाले, मलमपट्टी करणारे ड्रेसर, पाणी पुरविणारे भिस्ती, स्वयंपाकी आणि सफाई कामगार यांची स्थिती याहून बिकट आहे. लष्करी दप्तरात त्यांना दीर्घकाळ केवळ 'फॉलोअर' म्हटले जाई. रुग्ण वाचविण्याच्या साखळीतील हे सर्व दुवे होत. एखादा सर्जन कितीही कुशल असला, तरी जखमी त्याच्यापर्यंत वेळेत पोहोचला नाही, उपकरणे उकळून निर्जंतुक झाली नाहीत किंवा रात्रभर कोणी उशाशी जागले नाही, तर त्याचे कौशल्य व्यर्थ ठरते.

शतकाचा इतिहास

भारतातील संघटित लष्करी परिचर्येची सुरुवात १८८८ मध्ये झाली. त्या वर्षी इंग्लंडहून दहा प्रशिक्षित परिचारिका मुंबईत दाखल झाल्या. १ ऑक्टोबर १९२६ रोजी भारतीय सैनिकी परिचर्या सेवा स्थापन झाली. दुसऱ्या महायुद्धात १९४३ च्या अध्यादेशाने या सेवेतील परिचारिकांना सैन्याधिकाऱ्यांचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी ३ एप्रिल रोजी तोपर्यंत वेगवेगळ्या असलेल्या वैद्यकीय सेवा एकत्र करून आजच्या आर्मी मेडिकल कोअरचा पाया घालण्यात आला.

ब्रह्मदेश, सिंगापूर, इराक, इजिप्त, इटली अशा दूरच्या प्रदेशांत या सेवांतील स्त्री-पुरुषांनी काम केले. १४ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूरहून निघालेल्या 'कुआला' जहाजावर जपानी विमानांनी बॉम्बफेक केली. जहाजावर शेकडो स्त्रिया, मुले आणि अनेक परिचारिका होत्या. दुसऱ्या बाजूस, आझाद हिंद सेनेत राणी झाशी रेजिमेंटबरोबर चाँदबिबी परिचारिका पथक काम करीत होते. स्वातंत्र्यानंतर कोरियाच्या युद्धात लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखालील ६० पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्सने केलेली सेवा जगभर वाखाणली गेली. ध्वज बदलला, सत्ता बदलली. जखमेवर बांधावयाच्या पट्टीचे काम मात्र तेच राहिले. म्हणून शुश्रूषेच्या स्मारकात या सर्व प्रवाहांना स्थान मिळावयास हवे.

स्मारकाची आखणी

अशा स्मारकाचा आरंभ शिल्पकाराच्या आराखड्याने नव्हे, तर निकषांनी व्हावा. कोणत्या युद्धांचा समावेश करावयाचा, आजाराने वा अपघाताने झालेला मृत्यू धरावयाचा की नाही, सेवा करून जिवंत परतलेल्यांची नोंद घ्यावयाची काय आणि 'वैद्यकीय कर्मचारी' या संज्ञेत कोणकोणते काम येते, हे प्रश्न प्रथम लेखी स्वरूपात सोडवावे लागतात.

दुसरा टप्पा नावांच्या यादीचा. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या नोंदी दोन्ही महायुद्धांसाठी उपयुक्त आहेत आणि त्या सर्वांना पाहता येतात. स्वातंत्र्योत्तर काळासाठी नवी दिल्ली येथे २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आलेल्या राष्ट्रीय युद्धस्मारकावरील नावांचा आधार घेता येतो. त्याखेरीज रुग्णालयांची जुनी दप्तरे, परिचर्या विद्यालयांच्या नोंदवह्या, चर्चमधील स्मृतिफलक, निवृत्तिवेतनाची कागदपत्रे आणि कुटुंबांनी जपलेली पदके व पत्रे ही महत्त्वाची साधने होत. प्रत्येक नाव किमान दोन स्वतंत्र पुराव्यांवर तपासून घ्यावे. दगडावर कोरलेली चूक दुरुस्त करणे कठीण असते. त्यामुळे काही वर्षे यादी खुली ठेवून नंतरच ती कोरणे शहाणपणाचे ठरते. पुढे मिळणाऱ्या नावांसाठी फलकावर मोकळी जागा राखणेही आवश्यक आहे.

तिसरा टप्पा जागा आणि कायदेशीर बाबींचा. सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ रोजी दिलेल्या आदेशानुसार सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक उपयोगाच्या जागांवर पुतळे वा अन्य बांधकामास परवानगी देण्यास राज्यांना मनाई करण्यात आली. त्यामुळे चौकात पुतळा उभारण्याचा प्रचलित मार्ग येथे उपयोगाचा नाही. रुग्णालय, महाविद्यालय किंवा उद्यान यांच्या आवारातील जागा संबंधित संस्थेच्या लेखी संमतीने निवडणे अधिक योग्य होय. आणखी एक बाब अनेकदा नजरेआड होते. रेडक्रॉसचे चिन्ह हे शोभेचे चित्र नाही. जिनिव्हा करार अधिनियम, १९६० अन्वये केंद्र शासनाच्या परवानगीशिवाय त्याचा वापर करता येत नाही. स्मारकावर ते परस्पर कोरणे बेकायदेशीर ठरेल.

चौथा टप्पा निधीचा आणि देखभालीचा. लोकवर्गणी, स्थानिक स्वराज्य संस्थेची तरतूद आणि कंपनी अधिनियम, २०१३ च्या सातव्या अनुसूचीतील राष्ट्रीय वारशाच्या जतनाचे कलम हे तीन मार्ग उपलब्ध आहेत. परंतु बांधकामाचा खर्च एकदाच होतो, देखभाल दरवर्षी करावी लागते. जमलेल्या निधीचा ठरावीक भाग प्रारंभीच ठेवीत गुंतवून त्याच्या व्याजातून स्वच्छता, दिवाबत्ती आणि वार्षिक कार्यक्रम चालविण्याची व्यवस्था केली नाही, तर उद्घाटनानंतर थोड्याच वर्षांत अक्षरे पुसट होऊ लागतात.

सोलापूर आणि चीनचा अनुभव

डॉ. कोटणीस यांच्या स्मृतीचा प्रवास या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. चीनमध्ये शिजियाझुआंग येथील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत त्यांची समाधी व पुतळा आहे, ते ज्याचे प्रमुख होते ते रुग्णालय आजही चालू आहे आणि १९८२ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटे निघाली. भारतात व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा चित्रपट काढला. १९९३ मध्ये टपाल तिकीट प्रसिद्ध झाले. सोलापुरातील त्यांच्या निवासस्थानी मात्र स्मारक साकार होण्यास २०१२ साल उजाडावे लागले. त्यांच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षे होत आली होती. गुओ छिंगलान यांचेही त्याच वर्षी निधन झाले.

या अनुभवातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, चालत्या संस्थेशी जोडलेली स्मृती अधिक टिकते. ज्या रुग्णालयात रोज रुग्ण येतात, तेथे संस्थापकाची आठवण वेगळी जागवावी लागत नाही. दुसरी गोष्ट अशी की, एका नावाच्या तेजात सहकारी झाकले जातात. नागपूरच्या डॉ. चोळकरांचे नाव आज किती जणांना ठाऊक आहे? आणि त्या आघाडीवरील रुग्णालयात दिवसरात्र राबणाऱ्या परिचारिकांपैकी किती जणींची नावे आपल्यापर्यंत आली?

जबलपूरमधील शक्यता

जबलपूर हे लष्करी छावणीचे शहर असून तेथे लष्करी रुग्णालय आहे. १९५५ मध्ये स्थापन झालेल्या तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव आहे. तर जुन्या व्हिक्टोरिया रुग्णालयास, म्हणजे आजच्या जिल्हा रुग्णालयास, सेठ गोविंददास यांचे नाव देण्यात आले आहे. त्रिपुरी अधिवेशनाचे अध्यक्ष आणि स्वागताध्यक्ष यांची नावे अशा रीतीने शहराच्या दोन प्रमुख रुग्णालयांशी जोडली गेली आहेत. शुश्रूषेच्या स्मारकासाठी याहून अधिक अनुरूप भूमी शोधावी लागणार नाही.

कमानिया गेटवर वा त्याच्या भोवती नवे बांधकाम करण्याची आवश्यकता नाही. वर्दळीच्या बाजारपेठेत ते इष्टही नाही. त्रिपुरीच्या वैद्यकीय ठरावाची आणि पाच डॉक्टरांची माहिती देणारा एक छोटा फलक, रीतसर परवानगीने, कमानीची मूळ वास्तू न बिघडविता लावता येईल. नावांची मुख्य यादी रुग्णालय वा वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात असावी. परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थिनींनी जिल्ह्यातील निवृत्त लष्करी परिचारिका आणि रुग्णसेवक यांच्या आठवणी नोंदवून घ्याव्यात, त्या ग्रंथालयात जतन व्हाव्यात आणि दरवर्षी त्यांतील काही नावांचे वाचन व्हावे. सैनिकी परिचर्या सेवेचा स्थापनादिन १ ऑक्टोबर हा त्यासाठी उचित दिवस आहे. या सेवेच्या शताब्दीचा दिवस १ ऑक्टोबर २०२६ हा होय. आठवणींची नोंद करण्याचे काम सर्वांत निकडीचे आहे. दगड केव्हाही मिळतो. १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत रुग्णसेवा केलेली पिढी मात्र वयोवृद्ध झाली असून तिच्या स्मरणातील नावे तिच्याबरोबरच नाहीशी होण्याचा धोका आहे.

स्मारक म्हणजे कृतज्ञतेचे ऋण फेडल्याची पावती नव्हे. ज्यांनी अनोळखी जखमींचे नाव विचारून त्यांच्या खाटेवर लिहून ठेवले, त्यांचे स्वतःचे नाव लिहून ठेवणे हे त्या कामातील पहिले कर्तव्य आहे. वही आणि लेखणी एवढ्या साधनांनिशी त्याची सुरुवात कोणत्याही शहरात, कोणत्याही रुग्णालयात होऊ शकते.