एजंटच्या एआयनं हप्ता ‘जमा’ लिहिला, पण तो कंपनीकडे पोचला का?

समजा, तुम्ही तोरणमाळला राहता. विम्याच्या हप्त्याची तारीख जवळ आलीय आणि कंपनीची शाखा गाठायची तर घाट उतरून शहाद्याकडे जावं लागतं. दिवस त्यातच जातो. मग ओळखीचा एजंट म्हणतो, "भाऊ, माझ्याकडे द्या, मी भरतो." तुम्ही ४,७५० रुपये रोख देता. पूर्वी त्यानं ते डायरीत लिहिले असते. आता तो मोबाईलमध्ये बोलतो, "पावरा भाऊंचे पावणेपाच हजार आले, रोख." दोन मिनिटांत तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येतो, ‘हप्ता जमा झाला, धन्यवाद.’

झालं का काम? नाही. फक्त एजंटच्या वहीत नोंद झाली.

एआय नेमकं करतं काय?

विमा एजन्सीच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्राहक, पॉलिसी, हप्त्याच्या तारखा आणि आलेले पैसे यांची नोंद असते. एआय टूल त्या सॉफ्टवेअरला जोडलं की एजंटला फॉर्म भरत बसावं लागत नाही. तो साधं वाक्य बोलतो. एआय त्यातून ग्राहक कोण, पॉलिसी कोणती, रक्कम किती, तारीख कोणती, पैसे रोख की यूपीआयनं, हे वेगळं काढतं आणि सॉफ्टवेअरकडे पाठवतं. सॉफ्टवेअर नोंद करून तिचा क्रमांक परत देतं. एआयला अशी बाहेरची सॉफ्टवेअर जोडण्यासाठी ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ हे खुलं मानक नोव्हेंबर २०२४ मध्ये आलं आणि ही जोडणी बरीच सोपी झाली.

शे-दोनशे ग्राहक एकट्यानं सांभाळणाऱ्या एजंटसाठी ही सोय खरंच मोठी आहे. पण या सगळ्यात पैसा कुठेच हललेला नाही. तो अजून एजंटच्या खिशात आहे.

दोन वह्या, आणि कायदा एकच बघतो

विमा कायदा, १९३८ चं कलम ६४व्हीबी सांगतं की हप्ता आगाऊ मिळाल्याशिवाय विमा कंपनीनं जोखीम घ्यायची नाही. एजंटनं कंपनीच्या वतीनं हप्ता घेतला, तर तो आपलं कमिशन न कापता २४ तासांच्या आत कंपनीकडे जमा करायचा किंवा पोस्टानं रवाना करायचा. बँक आणि पोस्टाच्या सुट्ट्या यातून वगळल्या आहेत.

पण एजंटला हप्ता घेण्याचा अधिकारच नसेल तर? असं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. एलआयसीच्या एका ग्राहकाचा मार्च १९८७ चा सहामाही हप्ता राहून गेला होता. ४ जूनला एजंटनं त्याच्याकडून बेअरर चेक घेतला. दुसऱ्याच दिवशी तो वटला. पैसे एलआयसीत जमा झाले ते मात्र १० ऑगस्टला. आदल्या दिवशी, म्हणजे ९ ऑगस्टला, ग्राहकाचा अपघाती मृत्यू झाला होता. १९९७ मध्ये निकाल लागला. हप्ते घेण्याचा अधिकार एलआयसीनं एजंटला दिलेला नव्हता, म्हणून एजंटला दिलेले पैसे एलआयसीला दिले असं धरता येणार नाही, असं न्यायालयानं म्हटलं. दावा फेटाळला गेला.

त्या काळी एआय असतं तर ४ जूनलाच ‘हप्ता जमा’ असा मेसेज गेला असता. निकालात त्यानं काय फरक पडला असता, हे वेगळं सांगायला नको.

एआय कुठे गडबडू शकतं?

सगळ्यात आधी, नाव. नंदुरबारच्या डोंगराळ भागात ‘पावरा भाऊ’ म्हटलं की यादीत कितीतरी जण निघतील. टूलनं थांबून ‘कोणते पावरा?’ असं विचारलं पाहिजे. ते न विचारता एकाला निवडलं, तर पैसे तुमचे आणि नोंद शेजाऱ्याची. यावर साधा उपाय म्हणजे नावाऐवजी पॉलिसी क्रमांक सांगणं.

दुसरं, आपले आकडे. पावणेपाच हजार म्हणजे ४,७५०, सव्वादोन म्हणजे २,२५०, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. आवाज ओळखणाऱ्या टूलनं ‘पावणे’ गाळलं की थेट पाच हजारांची नोंद होते.

तिसरं, रेंज. डोंगरात मेसेज अडकला की माणूस तो पुन्हा पाठवतो आणि एकाच हप्त्याच्या दोन नोंदी होऊ शकतात. यूपीआय असेल तर १२ अंकी व्यवहार क्रमांकावरून सॉफ्टवेअरला दुसरी नोंद रोखता येते. रोखीला असा क्रमांकच नसतो. शिवाय पैसे शुक्रवारी घेतले आणि रेंज रविवारी मिळाली, तर एआय रविवारची तारीख टाकू शकतं. २४ तास मात्र पैसे हातात घेतल्यापासून मोजायचे असतात.

रकमेचंही तसंच. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी शून्य झाला. त्याआधीच्या नोटिशीचा फोटो एआयला वाचायला दिला, तर जुनी, करासकटची रक्कम नोंदवली जाईल.

आणि सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे नोंद झालेलीच नसताना ‘झाली’ असं सांगणं. एआय भाषा तयार करतं, त्यामुळे सॉफ्टवेअरनं नकार दिला तरी ते नम्रपणे ‘नोंद केली आहे’ लिहू शकतं. म्हणून एजंटनं त्या वाक्यावर विसंबून न राहता सॉफ्टवेअर उघडून नोंदीचा क्रमांक बघावा. टूलनं आधी कच्ची नोंद दाखवावी आणि माणसानं ‘हो’ म्हटल्यावरच ती पक्की करावी, अशी सोय असेल तर उत्तम.

मग तुम्ही काय मागायचं?

कंपनीची पावती. तिच्यावर कंपनीचं नाव, पॉलिसी क्रमांक, रक्कम आणि पावती क्रमांक हवा. एजंटच्या व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज म्हणजे ती पावती नव्हे. पैसे देण्याआधी ‘तुम्हाला कंपनीनं हप्ता घ्यायचा अधिकार दिलाय का?’ हेही विचारा. चांगला एजंट यावर रागावत नाही. जमत असेल तर कंपनीच्या अ‍ॅपवर किंवा यूपीआय अ‍ॅपमधल्या बिल भरण्याच्या पर्यायातून थेट भरा. प्रधानमंत्री जीवन ज्योती योजनेचे ४३६ रुपये आणि सुरक्षा योजनेचे २० रुपये तर बँक खात्यातूनच कापले जातात, त्यासाठी कुणाच्या हातात रोख द्यायची गरज नाही.

पावती दोन-तीन दिवसांत आली नाही, तर पॉलिसी क्रमांक सांगून कंपनीकडेच चौकशी करा. आयुर्विम्यात मासिक हप्त्याला १५ दिवसांची आणि तिमाही, सहामाही, वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलतीची मुदत असते, तेवढ्यात चूक सुधारता येते. कंपनीनं दाद दिली नाही, तर विमा नियामक आयआरडीएआयचा तक्रार क्रमांक आहे १५५२५५.