एपिसोड ३१ : शिकवणाऱ्याला कोण शिकवतं?

ज्यांना बसमध्ये रेंज मिळत नाही किंवा ऑफिसात इयरफोन लावता येत नाही, त्यांच्यासाठी हा एपिसोड नेहमीसारखा लिहून देतोय. बोलताना वीस वेळा आलेलं 'म्हणजे बघा' काढलंय. काही राहिले असतील तर सांभाळून घ्या.

आजचा विषय ऐकायला कोरडा वाटेल. अमेरिकेत शेतकऱ्यांना शिकवणारे लोक स्वतः कसे शिकतात आणि पुढारपण कसं करतात, हा तो विषय. एक सॉफ्टवेअर इंजिनियर यात का पडला, ते आधी सांगतो.

चारशे डाउनलोड

माझी मावसबहीण एका छोट्या संस्थेत काम करते. आमच्या भागातल्या कापूस उत्पादकांसोबत. ताई गावोगाव फिरते, सभा घेते, कीड कशी ओळखायची ते सांगते. दोन वर्षांपूर्वी मी तिला म्हटलं, "ताई, एवढं फिरतेस कशाला? मी ॲप करून देतो." शनिवार-रविवार बसून केलं. हवामान, फवारणीचा सल्ला, गुलाबी बोंडअळीचा अलर्ट, सगळं मराठीत. चारशेच्या वर डाउनलोड झाले. मी स्क्रीनशॉट काढून मित्रांना पाठवले.

सीझन संपल्यावर डेटा काढला. शेवटच्या महिन्यात ॲप उघडणारे होते अकरा जण. आणि त्यात आमचे अण्णा नव्हते. माझ्या स्वतःच्या वडिलांनी अलर्ट आलेला असताना दुकानदाराला विचारून फवारणी केली, तीही उशिरा. बोंडं किडली ती किडलीच.

मी चिडलो. ताई शांतपणे म्हणाली, "अरे, ॲप चांगलंय तुझं. पण तू एकदा तरी बांधावर आलास का?" आणि मग जरा थांबून म्हणाली, "मलाही कुणी शिकवलं नाही रे, लोकांना कसं शिकवायचं ते. कीड शिकवली, माणसं नाही शिकवली. यंदा बघते, नाहीतर सोडून देते."

ते वाक्य डोक्यात राहिलं. मग मी शोधायला लागलो की हे काम जगात कुणी नीट बसवलंय का. तिथून सापडलं अमेरिकेतलं 'कोऑपरेटिव्ह एक्स्टेंशन'.

हे एक्स्टेंशन म्हणजे काय?

आपल्याकडे याला कृषी विस्तार म्हणतात. अमेरिकेत १८६२ साली मॉरिल कायदा झाला. राज्यांना सरकारी जमीन मिळाली आणि त्यातून शेती आणि इंजिनियरिंग शिकवणारी 'लँड ग्रँट' कॉलेजं उभी राहिली. १८८७ च्या हॅच कायद्याने संशोधन केंद्रं आली. आता ज्ञान तयार व्हायला लागलं, पण ते विद्यापीठाच्या गेटच्या आत. ते बाहेर न्यायला १९१४ साली स्मिथ-लीव्हर कायदा आला.

'कोऑपरेटिव्ह' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर साखर कारखाना आणि दूध संघ येतो. इथे तसं नाही. इथे सहकार आहे तो तीन पातळ्यांवरच्या सरकारांचा. केंद्राचं कृषी खातं, राज्याचं विद्यापीठ आणि स्थानिक काउंटी, तिघं मिळून खर्च उचलतात. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला तालुका किंवा जिल्हा धरा. तिथे बसणारा माणूस विद्यापीठाचा असतो, पण त्याचं ऑफिस गावकऱ्यांच्या शेजारी. पूर्वी त्याला 'काउंटी एजंट' म्हणायचे, आता बऱ्याच ठिकाणी 'एक्स्टेंशन एज्युकेटर' म्हणतात. तो शेती बघतो, आहार आणि घरखर्च बघतो, मुलांचे '४-एच' क्लबही बघतो.

कापसाची गोष्ट तिकडेही आहे

मला सगळ्यात जास्त धक्का बसला तो इथे. या सगळ्याच्या मुळाशी कापूस आहे! १८९० च्या दशकात मेक्सिकोकडून टेक्सासात कपाशीचा सोंडकिडा शिरला. आपली बोंडअळी वेगळी, तो वेगळा, पण शेतकऱ्याची झोप उडवण्यात दोघंही सारखेच.

तेव्हा सीमन नॅप नावाचे एक वयस्कर गृहस्थ कृषी खात्यासाठी काम करत होते. त्यांनी पाहिलं की सरकारी आदर्श शेत लोक बघतात, मान डोलवतात आणि घरी जातात. कारण सोपं आहे. सरकारचं शेत बुडालं तर सरकारचं बुडतं. म्हणून १९०३ साली टेरेल गावात वेगळा प्रयोग झाला. वॉल्टर पोर्टर नावाच्या शेतकऱ्याने स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या हाताने, नॅप सांगतील तशी मशागत करायची. नुकसान झालं तर भरून द्यायला गावातल्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून ठेवली. वर्षाच्या शेवटी पोर्टरला नफा झाला आणि तो निधी वापरावाच लागला नाही.

नॅप यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की माणूस ऐकलेल्यावर शंका घेतो, पाहिलेल्यावरही घेतो, पण स्वतःच्या हाताने केलेल्यावर घेत नाही. माझं ॲप यातल्या पहिल्या पायरीवर होतं. नुसतं ऐकवत होतं.

पुढे १९०६ मध्ये अलाबामातल्या टस्कीगी इथून जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांच्या कल्पनेतून 'जेसप वॅगन' निघाली. घोड्यांनी ओढलेली गाडी, त्यात अवजारं, बियाणं आणि इतर साहित्य. थॉमस कॅम्पबेल हे पहिले कृष्णवर्णीय एक्स्टेंशन एजंट ती गाडी घेऊन गरीब शेतकऱ्यांच्या दारात जायचे. शेतकरी शाळेत येऊ शकत नाही ना, मग शाळा शेतावर न्यायची.

मग शिकवणाऱ्याला काय शिकवतात?

आता मुख्य मुद्दा. एक्स्टेंशनमध्ये नोकरीला लागणारा माणूस विषयात हुशार असतो. कुणी मातीचा, कुणी फळबागेचा, कुणी आहाराचा अभ्यास केलेला. पण पहिल्याच आठवड्यात कळतं की काम वेगळंच आहे. भांडणाऱ्या दोन गटांना एका खोलीत बसवायचं, सल्लागार समिती जमवायची, स्वयंसेवक सांभाळायचे, काउंटीकडे पैसे मागायला उभं राहायचं. यातलं पदवीला काहीच नव्हतं.

म्हणून अनेक राज्यांनी ठरवून टाकलंय की विषयाच्या ज्ञानाशिवाय या माणसाला अजून काय काय आलं पाहिजे. लोकांची गरज ओळखणं, कार्यक्रम आखणं, प्रौढांना शिकवणं, सभा चालवणं, स्वयंसेवक घडवणं, परिणाम मोजणं. नवीन माणसाला अनुभवी सहकारी जोडून देतात. कामाचे अनुभव लिहायला 'जर्नल ऑफ एक्स्टेंशन' हे नियतकालिक १९६३ पासून आहे. काउंटी एजंटांची स्वतःची राष्ट्रीय संघटना तर १९१५ पासूनची. म्हणजे दूरच्या काउंटीत एकटा बसलेला माणूसही एकटा नसतो. ताईला नेमकं हेच मिळालं नव्हतं.

यातल्या दोन गोष्टींनी मला अक्षरशः जमिनीवर आणलं.

एक : सात पायऱ्यांची शिडी

१९७५ साली क्लॉड बेनेट यांनी एक्स्टेंशनचं काम मोजायला सात पायऱ्या मांडल्या. खालून वर मोजू या.

१. आपण किती वेळ आणि पैसा घातला
२. काय काय उपक्रम केले
३. किती आणि कोण लोक आले
४. त्यांना कसं वाटलं
५. त्यांचं ज्ञान, दृष्टिकोन, कौशल्य, इच्छा यात काय बदललं
६. त्यांनी प्रत्यक्षात काय वेगळं केलं
७. शेवटी त्यांच्या आयुष्यात काय फरक पडला

आता माझे चारशे डाउनलोड कुठे बसतात? तिसऱ्या पायरीवर. तेही जेमतेम, कारण 'कोण' हे मला माहीतच नव्हतं. 'छान ॲप' असे रिव्ह्यू चौथ्या पायरीवर. अण्णांची फवारणी ही सहावी पायरी, तिथे माझा स्कोर शून्य.

आणि ताईचा त्रास पण इथेच होता. तिच्याकडून वर मागितलं जायचं ते फक्त दुसऱ्या-तिसऱ्या पायरीचं. किती सभा, किती हजेरी, फोटो पाठवा. माणूस जे मोजतो तेच करायला लागतो. त्यामुळे सभा वाढल्या आणि शेतं तशीच राहिली.

शिडी वापरायची पद्धत मात्र उलटी आहे. आखताना वरून खाली यायचं. आधी विचारायचं, सीझनच्या शेवटी शेतकऱ्याच्या घरात काय बदललेलं हवंय? त्यासाठी त्याने काय वेगळं करायला हवं? ते करायला त्याला काय यायला हवं? सभा घ्यायची की ॲप करायचं, हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. मी तिथूनच सुरुवात केली होती.

दोन : फोन उचलणं बंद करा

१९७० च्या दशकाची सुरुवात. वॉशिंग्टन राज्य, सिएटलच्या आसपासचा भाग. शहरातल्या लोकांना बागकामाचं वेड लागलेलं आणि एक्स्टेंशनच्या ऑफिसात फोन थांबेनात. टोमॅटोची पानं पिवळी पडली, गुलाबाला मावा लागला. एजंट बिचारे दिवसभर तेच सांगत बसले.

तुम्ही टीम लीड असाल तर हे चित्र ओळखीचं वाटेल. मी लीड झालो तेव्हा माझे ज्युनियर दर दहा मिनिटांनी मला पिंग करायचे आणि मी उत्तरं द्यायचो. आतून जरा बरंही वाटायचं. माझ्याशिवाय चालत नाही म्हणून!

त्या एजंटांनी काय केलं? उत्तरं द्यायला अजून माणसं मागितली नाहीत. बागकामाची आवड असलेल्या नागरिकांना विद्यापीठाकडून नीट प्रशिक्षण दिलं, आणि बदल्यात त्यांनी ठरावीक तास लोकांना मोफत सल्ला द्यायचा असं ठरवलं. १९७३ मध्ये हा 'मास्टर गार्डनर' कार्यक्रम सुरू झाला आणि नंतर देशभर पसरला. ४-एचचे क्लबही असेच स्वयंसेवकांच्या बळावर चालतात.

इथे मला नेतृत्वाचा अर्थ कळला. एक्स्टेंशन एज्युकेटरच्या हातात कसलाच हुकूम नसतो. तो कुणाला 'फवारणी कर' असं बजावू शकत नाही, स्वयंसेवकाचा पगार कापू शकत नाही. त्याच्याकडे असतो तो फक्त विश्वास. म्हणून त्यांच्या प्रशिक्षणात नेतृत्व म्हणजे भाषण ठोकणं नाही. गावात लोक आधीपासून कुणाचं ऐकतात ते शोधणं, त्या माणसाला तयार करणं आणि मग स्वतः बाजूला होणं, हे त्यांचं नेतृत्व.

याला जुना पुरावा पण आहे. आयोवात संकरित मक्याचं बियाणं कसं पसरलं याचा अभ्यास रायन आणि ग्रॉस यांनी १९४३ साली मांडला. नव्या बियाण्याची पहिली बातमी बहुतेकांना विक्रेत्याकडून कळली होती. पण ते पेरायचं की नाही, हे ठरवताना शेजाऱ्याचं वजन जास्त पडलं. माझा अलर्ट म्हणजे फार तर तो विक्रेता. शेजारी नाही.

आपल्याकडे काय?

आपला या मॉडेलशी थेट संबंध आहे. १९६० साली पंतनगरला देशातलं पहिलं कृषी विद्यापीठ झालं ते लँड ग्रँटच्या धर्तीवर. आपली राहुरी, अकोला, परभणी आणि दापोलीची कृषी विद्यापीठं त्याच परंपरेतली. विस्तार कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी नागपूरला 'वनामती' आहे, हैदराबादला 'मॅनेज' आहे. फरक एवढाच, की अमेरिकेत काउंटीतला माणूस विद्यापीठाचाच असतो. आपल्याकडे गावात पोचायचं मोठं काम राज्याच्या कृषी विभागाकडे, संशोधन विद्यापीठाकडे, आणि दोघांना जोडायला कृषी विज्ञान केंद्रं. ताईसारखे संस्थांमधले लोक या सगळ्याच्या कडेला उभे असतात. त्यांच्या वाट्याला प्रशिक्षण आलंच तर बहुतेक वेळा पिकाचं येतं.

मग आम्ही काय केलं?

मागच्या खरिपात मी आणि ताईने शिडी कागदावर काढली आणि वरून सुरुवात केली. ध्येय एकच, फवारणी वेळेवर व्हावी. सहा शेतकरी निवडले. ते 'प्रगतिशील' आहेत म्हणून नाही, तर पारावर लोक त्यांना विचारतात म्हणून. अण्णांचे मित्रही त्यात होते. ताईने त्यांच्या शेतात कामगंध सापळे लावले आणि रोजचे पतंग मोजायला शिकवलं. सलग तीन दिवस एका सापळ्यात रोज आठ किंवा जास्त पतंग सापडले, तर उपाय करायची वेळ झाली. मोजायचं त्यांनी, गावाला सांगायचंही त्यांनीच. ॲपमधली नऊ स्क्रीन मी काढून टाकली. आता एकच उरली, आकडा भरायची. ती फक्त त्या सहा जणांसाठी.

बोंडअळी संपली वगैरे म्हणणार नाही. पाऊस कसा पडला, दर काय लागला, यातलं आमच्या हातात काही नव्हतं. पण ऑक्टोबरमध्ये अण्णांचा फोन आला. "तुझ्या काकांच्या सापळ्यात तीन दिवस झाले, दहाच्या वर येतायत. आज फवारतोय." मी म्हटलं, "अण्णा, ॲपवर बघितलं का?" ते म्हणाले, "ॲप कशाला? काकांनी सांगितलं ना."

सहावी पायरी, मित्रांनो!

ताईने नोकरी सोडली नाही. शेजारच्या तालुक्यांत तिच्यासारखं काम करणाऱ्या चौघी-पाच जणींचा तिने गट केलाय. महिन्यातून एकदा भेटतात, काय फसलं ते एकमेकींना सांगतात. फोटो काढत नाहीत.

तुम्ही शिक्षक असा, आशा ताई असा, बचत गट चालवत असा किंवा टीम लीड असा, या आठवड्यात एकच करून बघा. तुमचं काम सातपैकी कितव्या पायरीवर मोजलं जातंय ते लिहा. आणि तुम्ही रोज देता ते कुठलं उत्तर दुसरं कुणी देऊ शकेल, ते शोधा. सापडलं तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवू.

चला, भेटू पुढच्या शुक्रवारी. काळजी घ्या, ऐकत राहा.